मोठ्या बाईंचा गळा

नाताळ जवळ आला की आमच्या मोठ्या बाई बोलायच्या बंद होत. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सलोमीबाई. डिसेंबरची पहिली तारीख उजाडली की सकाळची प्रार्थना व्हायची, त्या शेवटचं 'आमेन' भिंती हालतील असं म्हणायच्या, आणि मग नाताळाच्या पहाटेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. कारण काय, तर गळा राखायचा.

बोलणं बंद म्हणजे हुकूम बंद, असं समजू नका. हातात पळी आणि पुढ्यात पितळी ताट घेऊन त्या चुलीपाशी बसायच्या. ताट एकदा वाजलं की चहा. दोनदा वाजलं की दार लावा, वारा येतो. तीनदा वाजलं की चुकलं. माझ्या वाट्याला जास्त करून तीनदाच यायचं. करंजीला मुरड घातली, तीनदा. अनारसा तुपात सोडला, तीनदा. एकदा शेजारची माळीण मेथी द्यायला आली ती दारातच थबकली. म्हणाली, "काऊन वो, तुमच्यात आतापासूनच आरती सुरू झाली का?"

आमचे भासरे, म्हणजे त्यांचे मालक, याकोबगुरुजी. शाळेत मास्तर, फार थंड माणूस. कोणी त्यांना या मौनाबद्दल विचारलं की म्हणायचे, "अकरा महिने मी मुका असतो, एक महिना ते असते. हिशेब बरोबर हाय."

ही गोष्ट अमडापूरची. मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. गावात आमची ख्रिस्ती घरं आठ-नऊ. पत्र्याचं लहानसं देऊळ, एक पेटी, एक ढोलकी आणि टाळांचे चार जोड. ढोलकी आमचे हे वाजवायचे. गाण्याची पद्धत भजनासारखीच. एकानं पहिली ओळ उचलायची, बाकीच्या मंडळीनं मागं म्हणायचं. उचलणारीनं जे म्हटलं ते मागच्यांनी जसंच्या तसं म्हणायचं, त्यात डोकं चालवायचं नाही. आणि उचलायचा मान मोठ्या बाईंचा. एकोणीस वर्षं त्यांचाच.

मी मागं म्हणणारी.

आता या वयात खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा फार हेवा वाटायचा. मी चिखलीची. माझ्या वडिलांनी मला पेटीवर बसवून सूर शिकवले होते. तिकडे रविवारच्या शाळेत गाणं मीच उचलायची. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, या खेड्यातल्या लोकांना दाखवू गाणं काय असतं ते. पहिल्याच नाताळाला मोठ्या बाई दम घ्यायला थांबल्या, आणि ती फट पाहून दुसऱ्या गाण्याची ओळ मी उचलली. मंडळी बिचारी माझ्यामागं म्हणूही लागली. बाई नुसत्या पाहत राहिल्या. जानेवारीभर पाहत राहिल्या.

मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माह्या गळ्याले नजर नको लावू वं धाकटे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गळ्यावर मफलर, मफलरीच्या आत मिठाची पुरचुंडी, गालात ज्येष्ठमधाची काडी. देवळाचे पाळकसाहेब एकदा घरी आले होते, त्यांनी समजावलं की ख्रिस्ती माणसानं नजरबिजर मानू नये. बाईंनी त्यांना चहा दिला, दशमी दिली, आणि ते गेल्यावर म्हणाल्या, "त्याहीले बोलाले काय जाते. त्याहीले गळाच कुठं हाय."

पेरू वर्ज्य, चिंच वर्ज्य, दही वर्ज्य. रोज सकाळी परसात मिठाच्या गुळण्या. त्या गुळण्यांच्या आवाजानं आमची म्हैस दूध चोरायची. मी भासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हैस विकू. बाई तं विकता येत नाही."

बरं, गळा तरी कसा? गोड म्हणावा, तर नाही. रानात पाखरं हाकलणाऱ्या बाईचा असतो तसा. उंच, उघडा, दोन वावरं ओलांडून जाणारा. चालीही शहाण्या नव्हत्या. आमच्या चिखलीला गाण्याच्या पुस्तकातल्या चाली असायच्या, सुरावर बसवलेल्या. या बाई येशूजन्माचं गाणं म्हणायच्या ते जात्यावरच्या ओवीच्या चालीवर. गाणंही त्यांनीच जोडलेलं.

थंडीच्या गं दिसामंदी गोठ्यामंदी दिवा लागे,
मरियेच्या मांडीवरी जगाचा गं धनी जागे.

मी नाक मुरडायची. पण माझी चार वर्षांची पोर, माझ्या पोटची, अंथरुणात मला म्हणाली, "आई, तू नको गाऊ. मोठी आई गाते तेव्हा झोप येते." आमचे हेही तसेच. ढोलकी वाजवताना नजर सगळी वहिनीच्या हाताकडे. माझ्या गाण्याला कधी ठेका धरून पाहा म्हटलं, तर म्हणाले, "तुह्या गाण्याले पेटी पुरते." याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आजतागायत समजलेलं नाही.

सगळ्यात जास्त राग यायचा तो नाताळाच्या फेरीचा. चोवीस तारखेला दुपारी दोन बैलगाड्या जुंपायच्या आणि सगळ्या मंडळीनं दीड कोसावरच्या एका खेड्यात मुक्कामाला जायचं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. नाताळाच्या पहाटे त्या गावात गात फिरायचं, आणि मग परतून आमच्या देवळात उपासना. का, तर तिथं आपलं एक ख्रिस्ती घर आहे म्हणून. ते घर म्हणजे लाजरसबुवा. म्हातारा, एकटा आणि ठार बहिरा. ज्याला ऐकूच येत नाही त्याला गाणं ऐकवायला दोन गाड्या. मी एकदा तसं म्हटलं तर ताट तीनदा वाजलं.

त्या गावातही बाईंची एक गल्ली ठरलेली. माळ्यांची गल्ली. तिथं एका बंद दारापुढे फेरी थांबवायची आणि तेच ओवीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता. दाराआड कोणीतरी दळत असायचं. मी मनात म्हणायची, इथं ताल-सूर जाणणारं कोणी नाही ना, म्हणून हिला इथं जोर चढतो.

त्यांचं माहेर कोणतं, हे मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. आमचे हे म्हणाले, "तिले माहेर नाही." मिशनच्या आश्रमात वाढलेल्या पोरी आमच्यात पुष्कळ होत्या. मला वाटलं, त्यांतलीच ही एक. पुन्हा कधी विचारलं नाही.

तर त्या वर्षीची चोवीस तारीख. सकाळी मी नाताळाच्या मटणाचा मसाला करत होते. सुक्या लाल मिरच्या भाजायच्या होत्या. मिरच्या भाजताना दार सताड उघडं ठेवायचं असतं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाई आतल्या बाजूला गहू निवडत बसल्या होत्या, गालात ज्येष्ठमध. मी दार लोटून घेतलं.

गार वारा येत होता, हे एक कारण. पण दार लाव असं ताट काही वाजलं नव्हतं. मुद्दाम केलं का, असं मला कोणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. अर्धं मुद्दाम होतं. तवा तापला, मिरच्या काळवंडल्या आणि घरभर ठसका उठला. मी पदर तोंडाला लावून बाहेर पळाले. बाई आत खोकत होत्या. पाहते तो दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेले, जसा काही आवाज बाहेर सांडतो आहे आणि त्यांना तो धरून ठेवायचा आहे.

तासभर खोकला थांबला नाही. मग त्यांनी मौन सोडून एक सूर लावून पाहिला. पेटीचा भाता फाटला की येतो तसा नुसता वारा आला.

भासरे म्हणाले, "यंदा तू घरीच राह्य." बाईंनी लाल शाल घेतली आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "धाकट्या बाई, यंदा पहिली ओळ तुम्ही उचला."

मला जो आनंद झाला तो येशूजन्माचा होता असं लिहिलं असतं, पण देवाला सगळं माहीत आहे. गाडीत मी वाटभर मनातल्या मनात चिखलीच्या चाली घोळवत होते. बाई समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी तुरीच्या वावरांकडे पाहत होते.

पहाटे कोंबडं आरवलं आणि आम्ही लाजरसबुवाच्या ओट्यावरून निघालो. दोन कंदील, टाळ, ढोलकी, गळ्यात अडकवलेली पेटी. पहिली ओळ मी उचलली. पुस्तकातली चाल, शुद्ध सूर. मंडळी मागून आली, ढोलकी आली. काय सांगू, अंगावर काटा आला. सात वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच. दोन गल्ल्या मी अशा गायले की चिखलीला ऐकू गेलं असेल.

मग माळ्यांची गल्ली आली. ते बंद दार आलं. आत जातं घरघरत होतं. मी माझीच चाल पुढे चालवली. तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला आणि हाताची मूठ हवेत गोल फिरवली. जात्याची खूण. त्यांची ओवी म्हण, असं. मी मनात म्हटलं, बाई, गळा गेला तरी हुकूम जात नाही तुमचा. पण त्यांच्या नखांचा जोर असा की मी चाल सोडली आणि ओवी धरली. सात वर्षं मागं म्हणून म्हणून ती मला पाठच होती.

थंडीच्या गं दिसामंदी गोठ्यामंदी दिवा लागे...

आतलं जातं थांबलं.

मी दुसरी ओळ म्हटली. मंडळी मागून म्हणाली. मी दम घेतला, त्या फटीत दाराआडून एका म्हातारीचा आवाज आला, "हा आवाज तिचा नव्हे." आणि जरा वेळानं, "नेहमीची कुठं हाय? हाय का गेली?"

मी मागं वळून पाहिलं. मोठ्या बाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. तोंड हालत होतं, आवाज नव्हता. भासरे माझ्या कानाशी वाकले आणि भराभर बोलले. इतकं एका दमात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"तिची माय हाय. ही लहानपणीच विधवा झाली, मिशनच्या दवाखान्यात कामाले आली, मंग बाप्तिस्मा घेतला अन् माह्याशी लग्न केलं. भावानं मायले शपथ घातली, पोरीचं तोंड पाह्यशीन तं माहं मेलेलं पाह्यशीन म्हणून. बोलनं बंद हाय. आपल्यातलं कोणी बोललं तं भाऊ दार उघडून येईन, अन् पुढल्या साली फेरी बंद. गाण्याले तो काही म्हणत नाही. तू गाण्यातून सांग. लवकर सांग, म्हातारीच्या जिवाले घोर लागला."

ओव्या मी कधी जोडल्या नव्हत्या. माझ्या वडिलांनी सूर शिकवले, शब्द पुस्तकातले असत. पण आत एक म्हातारी जात्याचा खुंटा धरून बसली होती आणि तिची पोर जिवंत आहे की नाही हे तिला सांगणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते म्हटलं.

गळा बसला बाईचा, जीव तिचा गं खुशाल,
दारापाशी उभी आहे, अंगावर लाल शाल.

मंडळीचं काम मागं म्हणायचं. त्यांनी मागं म्हटलं. टाळ वाजले. आमच्या ह्यांनी ठेकाही धरला. पाळकसाहेब डोळे मिटून, मान डोलवून भक्तिभावानं म्हणाले, "अंगावर लाल शाल, लाल शाल."

एकदा तोंड उघडलं की माझं थांबत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशीही थांबलं नाही. पुढची ओवी आपोआप आली. ती गिळायला हवी होती, पण आली.

मिरची भाजली मी बाई, दार लावून घरात,
ठसक्यानं सूर गेला, पाप माझ्या पदरात.

आणि अमडापूरच्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीनं, पेटी-ढोलकीसकट, नाताळाच्या पहाटे गल्लीत उभं राहून तीनदा म्हटलं, पाप माझ्या पदरात. तिसऱ्या वेळेला पाळकसाहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांचा ठेका चुकला.

आतून खोकल्यासारखं काहीतरी आलं. म्हातारी हसत होती. मग ती बोलली, दाराशी नाही, पोरीशी नाही, जात्याशी बोलल्यासारखी, "बाहीर जे कोणी लाल शालीची उभी असन, तिले म्हणा ओवा अन् गूळ चाव. लहानपणी तेच्यानंच गळा सुटे तिचा." पुढे म्हणाली, "अन् मिरचीवालीले म्हणा, तुहा गळा बी बरा हाय. पण तिच्यावाणी नाही."

जातं पुन्हा घरघरायला लागलं. आम्ही पुढे निघालो.

त्यानंतरच्या गल्ल्यांत मी काय गायले मला आठवत नाही. वर्षानुवर्षं दाराआडून ऐकून एक म्हातारी आवाजावरून सांगू शकते की हा तिचा नव्हे. माझी आई तेव्हा चिखलीत होती, चांगली हिंडती-फिरती, माझ्यावर जीव असलेली. पण चार बायका गात असताना तिनं माझा आवाज वेगळा ओळखला असता का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या पहाटे मला मोठ्या बाईंचा जेवढा हेवा वाटला तेवढा गाण्यावरून कधीच वाटला नव्हता.

निघायच्या वेळी बाईंनी लाजरसबुवाला खुणेनं काहीतरी मागितलं. त्याला खुणा बोलण्यापेक्षा बऱ्या समजत. तो आतून चिमूटभर ओवा आणि गुळाचा खडा घेऊन आला. बाईंनी दोन्ही पदराच्या गाठीत बांधलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. एरवी त्या भासऱ्यांजवळ बसत.

गाडी गावाबाहेर पडली, कपाशीच्या वावरांवर ऊन आलं, तेव्हा मी म्हटलं, "बाई, मिरचीचं..."

"मले कालच समजलं होतं," त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाल्या.

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"कशानं बोलू?"

पुढच्या गाडीत कोणीतरी टाळ पिशवीत भरत होतं, त्याचा आवाज येत होता. बाईंनी बैलांच्या पाठीकडे पाहतच विचारलं.

"जातं थांबलं होतं न वं?"

"हो बाई. पहिल्याच ओळीले थांबलं."

"दरसाली थांबत असन?"

"मी काय सांगू? तुम्ही गाता तेव्हा दुसरं काही ऐकू येते का कोणाले?"

त्यांना हसू आलं आणि हसण्यानं पुन्हा खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला बसल्यावर म्हणाल्या, "मले बी नाही आलं कधी. एकोणीस वर्स झाले. मी आपली गात राह्यली. आत कोणी ऐकते का नाही, का दळण सरलं की उठून जाते, काही समजायचंच नाही. शपथ तोंडाची हाय. आवाजाची घालायचं भावाच्या ध्यानात नाही आलं. पण तिचा आवाज मी आज ऐकला. एकोणीस वर्सानं."

आता पाहा, जळून मिरची मी भाजली. मंडळीसमोर कबुली मी दिली. पाळकसाहेबांचं बोलणं उपासनेनंतर मी ऐकणार होते. आणि या सगळ्याचं फळ कोणाच्या पदरात, तर मोठ्या बाईंच्याच. देवाच्या न्यायात मी तोंड घालत नाही, पण मला ते थोडं लागलं.

"धाकटे," बाई म्हणाल्या, "पुढल्या साली त्या दारी तूच उचल."

"अन् तुम्ही?"

"मले ऐकू दे."

सात वर्षं ज्या ओळीसाठी मी जळले ती त्यांनी अशी देऊन टाकली, आणि पदराची गाठ सोडून ओवा आणि गुळाचा एवढासा तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून चावत बसल्या. पहाटेपासून ओरडून माझाही गळा दुखत होता. मी हात पुढे केला.

त्यांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं आणि गाठ घट्ट आवळली.

"तुले नाही सांगतलं मायनं," त्या म्हणाल्या. "मले सांगतलं."